प्लग उपसणारे मामा

मी पहिल्यांदा त्यांच्या दारात उभी राहिले तेव्हा ‘या’ म्हणायच्या आधी त्यांनी माझ्या तोंडासमोर एक खणखणीत टाळी वाजवली. मी दचकून एक पायरी खाली उतरले. ते मान तिरकी करून टाळीचा आवाज जिन्यात कुठवर जातो ते ऐकत राहिले.

‘‘खालची पोती उचलली वाटतं कोनी,’’ ते म्हणाले. ‘‘आवाज घुमून राह्यला. या.’’

अख्खं नवीन जालना त्यांना मामा म्हणायचं. बियाणं कंपनीच्या एका कचेरीच्या वर त्यांची आवाज भरायची खोली होती. भिंतींना बारदान ठोकलेलं, बारदानावर जुन्या गोधड्या, दाराला आतून उशी. उन्हाळ्यात त्या खोलीत माणूस भाजून निघायचा, पण पंखा लावायची सोय नव्हती, कारण पंख्याचा आवाज माइकमध्ये येतो. गावातून फिरणाऱ्या रिक्षांच्या भोंग्यांतून जे जे ऐकू येतं, कापसाच्या बियाण्यापासून सर्कशीपर्यंत, त्यातलं निम्मं मामांच्या गळ्यातून निघालेलं असायचं. टाळी वाजवायची सवय त्यांना सगळीकडे होती. लग्नाच्या मंगल कार्यालयात गेले की आधी टाळी. बँकेत टाळी. एकदा एका मयताच्या घरी बैठकीत शिरताना त्यांचे हात वर गेलेले मी पाहिले. सुदैवाने त्यांनी ते हात जोडले.

मी त्यांच्याकडे गेले ती एका कामासाठी. माझ्या घरात गोष्टींच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. आईवडील दोघंही चळवळीतले, आणि मी मुळाक्षरं गिरवली ती पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर. पुढे आम्ही काही जणांनी ठरवलं की जिल्ह्यातल्या म्हाताऱ्या गायकांची गाणी भरून घ्यायची आणि सगळ्यांना फुकट, खुली करून द्यायची. कोणी विकायची नाहीत, कोणी अडवायची नाहीत. आमच्याकडे लॅपटॉप होता आणि त्यात कोणीतरी टाकून दिलेलं संगीताचं एक महागडं सॉफ्टवेअर होतं.

मामांनी ते उघडलं, पाहिलं आणि विचारलं, ‘‘इकत घेतलं का?’’

मी म्हटलं, क्रॅक आहे, कुलूप तोडून फुकट चालवलेलं. आणि वर ऐकवलं की एवढ्या मोठ्या कंपनीचं आम्ही थोडं लुटलं तर त्यात रडण्यासारखं काही नाही.

‘‘कंपनीसाठी कोन रडून राह्यलं?’’ मामा म्हणाले. ‘‘उद्या ते बंद पडलं, तर तुमची गानी त्याच्या पोटात. मंग जा त्यांच्या दारात अन सांगा, साहेब, आमी चोर हाओत, आमचं सामान तुमच्या घरात राह्यलंय.’’

मला त्या दिवशी फार लागलं. चोर म्हटल्याचं नव्हे. आपण ज्या मालकीविरुद्ध पत्रकं काढतो, तिच्याच कुलपात आपण आपली गाणी ठेवायला निघालो होतो आणि हे मला भोंग्यावर जाहिरात करणाऱ्या माणसाकडून कळावं, याचं.

मामांच्या खोलीत सगळं लिनक्सवर, कोणा कंपनीची मालकी नसलेल्या फुकट प्रणालीवर, चालायचं. का, असं विचारलं की ते म्हणत, ज्या घराची किल्ली मालकाकडं, त्या घरात खिळा ठोकायला बी विचारावं लागतं. पण लिनक्सवर आलं म्हणजे सगळं सुटलं असं नाही. गाणी भरायची कशात, हा प्रश्न उरतोच. नावं पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाचे भक्त वेगळे. मी इंटरनेटवर वाचून वाचून तुलना काढल्या होत्या. मामांनी त्या बाजूला सारल्या.

‘‘बैल घेताना बैलाबद्दल वाचतं का कोनी?’’ ते म्हणाले. ‘‘दात बघायचे, अन एक तास औताला जुपायचा.’’

त्यांची पारख मी डोळ्यांनी पाहिली. त्यांच्याकडे बॅटरी नसलेला एक जुना डबा-कॉम्प्युटर होता. त्यावर त्यांनी एक सॉफ्टवेअर उघडलं, माइक लावला आणि ते आपल्या भोंग्याच्या आवाजात सुरू झाले, ‘शेतकरी बंधूंनो, यंदा कपाशीची लागवड करताना...’ आणि वाक्य अर्ध्यावर असताना वाकून त्यांनी भिंतीतला प्लग उपसला. सगळं अंधारलं. मी ओरडले. त्यांनी शांतपणे प्लग पुन्हा खोचला.

‘‘लाईट जाताना सांगून जाते का?’’

यंत्र पुन्हा सुरू झालं. त्या सॉफ्टवेअरला शेतकरीही आठवत नव्हते आणि बंधूही. मामांनी ते तिथल्या तिथे काढून टाकलं. दुसरं, एलएमएमएस, त्यांना मनापासून आवडायचं, पण ते बोटांनी ठोके रचून गाणं बांधायला. ‘‘डीजेच्या पोराला हे द्यावं,’’ ते म्हणाले, ‘‘आपल्याला म्हाताऱ्याचा गळा भरायचा हाये.’’ आर्डोर नावाच्या तिसऱ्याची वेळ आली. पुन्हा शेतकरी बंधू, पुन्हा प्लग. या वेळी यंत्र उठल्यावर त्यानं विचारलं की मघाचं अर्धवट राहिलेलं परत घेऊ का, आणि ‘लागवड करताना’पर्यंत सगळं परत दिलं. मामांनी पडद्याला हात लावून नमस्कार केला. मी हसले, पण ते हसले नाहीत.

एवढ्यावर त्यांचं भागलं नाही. त्यांनी त्या कामाची फाइल साध्या लिहायच्या प्रोग्रॅममध्ये उघडून मला वाचायला लावली. वाचता येत होती. कुठला आवाज कुठे सुरू होतो, कुठे थांबतो, सारं अक्षरांत. ‘‘हे बंद पडलं तरी मानूस वाचून परत जोडू शकतो,’’ ते म्हणाले. आणखी एक गोष्ट त्यांनी तेव्हाच दाखवली. पडद्यावरून एखादा आवाज काढून टाकला तरी तो खरा जात नाही. दिसेनासा होतो, एवढंच. आत फोल्डरमध्ये तो तसाच पडून असतो. ‘‘चूक केली तरी मानूस बुडत न्हाई,’’ मामा कौतुकानं म्हणाले.

मी त्यांची शिष्या झाले. आमच्या बैठकांत मी त्यांची वाक्यं माझी म्हणून बोलू लागले.

शहागडजवळच्या एका खेड्यातले आबा त्या उन्हाळ्यात आमच्याकडे आले. मूळचं घराणं मेंढरं राखणारं, आता थोडी शेती. ढोलाच्या साथीनं उभं राहून देवाच्या ओव्या गाणारा तसा गळा आमच्या भागात दुसरा नव्हता. त्याच गळ्यात गाठ निघाली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की जीव वाचवायचा तर घशातली आवाजाची पेटी काढावी लागेल. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात होतं. म्हणजे जे काही भरायचं ते आत्ताच, नाहीतर कधीच नाही. आबांचा मुलगा दत्ता त्यांना अंबडवरून बसनं घेऊन आला. तो जालन्यातच एका बियाणं कंपनीत कॉम्प्युटरवर बसायचा. ढोल तोच वाजवणार होता.

आबा दारात आले. मामांनी टाळी वाजवली. आबांनी क्षणभर पाहिलं आणि त्यांनीही उलट टाळी वाजवली.

‘‘याडं हाये का हे?’’ त्यांनी दत्ताला विचारलं.

‘‘हाये,’’ मामाच म्हणाले. ‘‘बसा आबा.’’

आमच्या गटातल्या एकाची सूचना होती की कानात टिक्-टिक् लावून गाऊन घ्यावं, म्हणजे नंतर ताल नीट बसवता येईल. मामांनी ती टिक्-टिक् कायमची बंद करून टाकली. आबा ओवी लांबवत तेव्हा ढोल थांबून वाट पाही, आणि आबा धावत तेव्हा ढोल मागे धावे. घड्याळाला हे कसं समजणार? ढोलाचा माइक वेगळा, गळ्याचा वेगळा, आणि प्रत्येक ओवी झाली की मामा सगळ्याची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर टाकत. आबा मधून मधून पाणी पीत. गिळताना त्यांना त्रास होत होता, पण गाताना होत नव्हता. त्यांनाच त्याची गंमत वाटत होती.

दुपार उतरली तेव्हा आबा आपोआप उभे राहिले. डोळे मिटले. आणि त्यांनी जी ओवी धरली तिच्या पहिल्याच ओळीला दत्ताचा ढोल चुकला. मी दत्ताकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला होता. मग त्यानं सावरून घेतलं. ती ओवी मी तुम्हाला सांगू शकत नाही, कारण मला ती आठवत नाही. फार लांब होती आणि मी शब्द ऐकतच नव्हते. बारदानाच्या त्या खोलीत, जिथे टाळीसुद्धा विरून जायची, तिथे तो आवाज कुठून एवढा मोठा होत होता, याच्या धक्क्यात मी होते. मामांची मान तिरकी व्हायची विसरली होती.

आबा बसले. पाणी पिऊन त्यांनी विचारलं की हे आता कुठे गेलं. मामांनी पडद्यावरची आवाजाची लाट दाखवली.

‘‘मी मेल्यावर बी वाजंल?’’

‘‘वाजंल.’’

‘‘कुठं बी?’’

‘‘कुठं बी, आबा.’’

मी मध्ये पडले. अभिमानानं सांगितलं की हेच तर आमचं काम आहे, ही ओवी आता कोणा एकाची राहणार नाही, ज्याला पाहिजे त्यानं घ्यावी, वाटावी, कोणी अडवणार नाही.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग मामांना म्हणाले, ‘‘बाकीच्या ऱ्हाऊ द्या. ही तेवढी एक काढून टाका.’’

ती ओवी देवाला उठवायची होती. वर्षातून एकदा, पहाटे, बिरोबाच्या ठाण्याकडे, देवाच्या मूळ जागेकडे, तोंड करून गायची. घरातला जो पुढे गाणार, त्यालाच शिकवायची, तीही तोंडानं. आबा म्हणाले, मला भानच ऱ्हायलं न्हाई, उभा ऱ्हायलो अन तीच आली. ‘‘आता कोनी बी बटन दाबंल अन देवाला उठवंल. देव काय करंल उठून? इथं ठाणं न्हाई, काय न्हाई.’’

दत्ता ढोल खाली ठेवून पुढे आला. ‘‘आबा, मला येत न्हाई ती अजून.’’

‘‘शिकायला ये म्हनलं तवा तुजं हापिस व्हतं.’’

‘‘मंग आता ऱ्हाऊ द्या ना. मी ऐकून शिकंल.’’

‘‘ऐकून शिकायची न्हाई ती,’’ आबा म्हणाले.

दत्ता मामांच्या कानाशी गेला. कॉम्प्युटरवरचा माणूस, त्याला अंदाज होताच. त्यानं हळूच सांगितलं की पडद्यावरनं काढा, आत राहू द्या, आबाला काय कळतंय. मी ते ऐकलं आणि मानेनं हो म्हटलं. मी दत्ताच्या बाजूची होते. आजही आहे. एका माणसाचा आवाज आठवड्याभरात कापला जाणार, एक पुरातन गाणं त्याच्याबरोबर जाणार, आणि ते आपल्या हातात आहे. अशा वेळी ज्याला सोडवत नाही तोच शहाणा.

मामांनी पडद्यावरची ती लाट काढली. रिकामी पट्टी दिसली. आबांनी मान हलवली. दत्तानं श्वास सोडला. मीही सोडला.

‘‘आबा, जरा अलीकडं या,’’ मामा म्हणाले. ‘‘हे बघा. दिसत न्हाई, पन इथं अजून हाये.’’ आणि त्यांनी फोल्डर उघडून ती फाइल आबांना दाखवली.

दत्ता ‘मामा’ एवढंच बोलला. मामांनी आबांचं बोट धरून पुसून टाकायच्या कळीवर ठेवलं. आबा म्हणाले, तुमीच दाबा. मामा म्हणाले, ‘‘न्हाई. तुमची हाये. तुमी दाबा.’’ आबांनी दाबलं. मग मामांनी ती दुसरी डिस्क आणली आणि तिथलीही प्रत आबांच्याच बोटानं काढली. कचऱ्याची टोपली रिकामी केली. गळा गेला. ढोलाची पट्टी तेवढी राहिली, कारण ती दत्ताची होती आणि त्याबद्दल कोणी काही बोललं नव्हतं.

ते दोघं बसला गेले आणि मी मामांवर तुटून पडले. चूक केली तरी माणूस बुडत नाही म्हणून ज्या सॉफ्टवेअरला तुम्ही नमस्कार केलात, त्याच्यातच शोधून शोधून बुडवलंत, असं म्हटलं. ज्ञान कोंडून ठेवणाऱ्यांच्या रांगेत आज तुम्ही जाऊन बसलात, असं म्हटलं. तुम्हीच मला शिकवलंत की सगळं खुलं पाहिजे.

मामा वायर गुंडाळत होते. ‘‘ज्यांनी हे आर्डोर लिहिलं, त्यांनी आपल्या हातानं दार उघडलं. आबानं उघडलं का?’’

‘‘उघडायला त्यांना वेळ कुठे आहे?’’

‘‘म्हनून आपन तोडायचं?’’

मी जिना उतरले. माझ्याजवळ हत्यार एकच होतं, ते मी वापरलं. मी पत्रक काढलं. ‘शुद्धतेच्या नावाखाली’ असा मथळा, नाव न घेता मामांवर. एक प्रत त्यांच्या दारावर चिकटवली. काही दिवसांनी त्या रस्त्यानं जाताना वरच्या खिडकीतून भोंग्याचा आवाज आला, ‘मित्रहो, लोकांच्या स्मृतीचा हा दिवसाढवळ्या झालेला खून आहे...’ आणि वाक्य अर्ध्यावरच तुटलं. मी वर गेले. मामा प्लग पुन्हा खोचत होते. आर्डोरची नवी आवृत्ती आली होती.

‘‘बियाण्यापेक्षा तुझं पत्रक बराबर हाये,’’ ते म्हणाले. ‘‘वाक्यं लांब हायेत. प्लग उपसायला टाइम भेटतो.’’

रागानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या माणसाला चिडवायचं होतं की खरंच कौतुक करायचं होतं, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. पुढे कित्येक महिने त्यांनी प्रत्येक सॉफ्टवेअर माझ्या शिव्यांनी तपासलं.

ऑपरेशन झालं. आबा वाचले. दत्तानं ऑपरेशनच्या आधी रजा टाकून गाव गाठलं होतं, एवढं आम्हाला कळलं होतं. ओवी किती शिकला, कशी शिकला, ते कळलं नव्हतं. बिरोबाच्या वर्षाच्या जागराचं निमंत्रण त्यानंच दिलं, मला आणि मामांना. माइक आणू नका, असंही सांगितलं.

पहाटे आम्ही ठाण्यासमोर पोचलो. नदीकडून गार वारा येत होता, महामार्गावरचे ट्रक लांबून ऐकू येत होते. कडुलिंबाखाली पन्नासेक माणसं. उघड्यावरचं ठाणं, म्हणून मामांनी टाळी वाजवली नाही. ढोल आबांच्या गळ्यात होता. मानेला पांढरं फडकं बांधलेलं, त्याखाली श्वासाचं भोक. आणि गायला उभा होता दत्ता.

दत्तानं ओवी धरली. गळा बापाचा नव्हता, पण चाल तीच होती, हे मला पहिल्याच स्वरात कळलं. आबा वाजवत होते. दत्ता लांबवी तेव्हा ढोल थांबे. एक ओळ, दुसरी, पुढची. माणसं हळदीचा भंडारा हातात धरून उभी. मग एका जागी दत्ता अडखळला. ढोल थांबला. आबांनी तोंड उघडलं, पुढची ओळ ओठांनी म्हटली. आवाज काही नाही, फक्त फडक्याखालची हवा फुरफुरली. दत्तानं बापाच्या ओठांकडे डोळे ताणून पाहिलं, काहीतरी उचलायचा प्रयत्न केला आणि मान हलवली. ढोल पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. पुन्हा दत्ता त्याच जागी आला. पुन्हा थांबला.

त्याला तेवढीच येत होती. तेवढ्याच दिवसांत तेवढीच बसली होती. पुढची उरलेली सगळी ओवी त्या पांढऱ्या फडक्याच्या आत होती. शेवटी आबांनी ढोलावर हात आडवा ठेवला, कोणीतरी चांगभलं म्हटलं आणि भंडारा उधळला गेला. देव उठला की नाही, कोणी विचारलं नाही.

मला ओरडायचं होतं. माझं पत्रक खरं ठरलं होतं आणि मला ते मामांच्या तोंडावर फेकायचं होतं. मी वळले. मामा लिंबाच्या बुंध्याला टेकून उभे होते, अंगभर पिवळे. ते माझ्याकडे सरकले. आजूबाजूला कोणी ऐकत नाही ना ते पाहिलं.

‘‘पोरी,’’ ते म्हणाले, ‘‘त्या दिवशी तू मोबाइलवर घेतली न्हवतीस का गं? हळूच? मला न सांगता?’’

मला आधी वाटलं ते मला पकडू पाहतायत. मग मी त्यांचे डोळे पाहिले. त्यांना मी चोर निघायला हवी होते.

‘‘नाही मामा,’’ मी म्हटलं. ‘‘नव्हती घेतली.’’

‘‘बराबर,’’ मामा म्हणाले. ‘‘बराबर केलं.’’ आणि तिथेच, बुंध्याला पाठ घासत, ते खाली बसले.